खाणीचा पैसा नळापर्यंत यावा
आमच्या मुळगावात नळ सोडला की आधी हवा फुसफुसते, मग तांबूस पाणी येतं. आई तोटीला पंच्याची चिंधी बांधते. आठवड्यात ती लालभडक होते. 2022 साली गोवा ‘हर घर जल’ राज्य ठरलं, त्याचा आनंदच आहे. पण जमिनीतली जुनी जलवाहिनी बदलणार कोण?

2015च्या खाण कायदा दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्याचा निधी खाणग्रस्त गावांसाठीच, आणि पिण्याचं पाणी त्याच्या अग्रक्रमात. खाणींनी डोंगर आमचा पोखरला, झऱ्या आमच्या आटल्या. मग याचनेचा सूर कशाला? या निधीतून जलवाहिनी बदलण्याचा ठराव ग्रामसभेनं येत्या बैठकीतच घ्यावा, पंच आणि आमदारांनी तो जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत न्यावा. वाहिनीबरोबर झऱ्यांतला गाळ उपसण्याचा खर्चही एकाच अंदाजपत्रकात धरावा.