पाळी गेली तरी गाठ दाखवावी

आमची एक आत्या पोलादपूरकडच्या वाडीत राहते. वय अठ्ठावन्न. छातीत गाठ हाताला लागली, पण दोन वर्षे तिने कोणाला सांगितले नाही. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "पाळी जाऊन आठ वर्षं झाली. आता कसला बाईपणाचा आजार? आणि दुखत पण नव्हती." मुलाने परळला टाटा रुग्णालयात नेले, तोवर रोग काखेत पोहोचला होता.

आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून आहोत. पण आत्यासारखीच समजूत आपल्या अनेक भगिनींची आहे, म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेले येथे मांडतो.

पाळी थांबली म्हणजे अंडाशयाचे काम थांबते, परंतु इस्ट्रोजेन हे संप्रेरक शरीरात तयार होतच राहते. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून दुसरे संप्रेरक निघते व अंगातील चरबी त्याचे इस्ट्रोजेन बनवते. म्हणून पाळी गेल्यावर वजन फार वाढले तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अर्थात बारीक बाईलाही तो होतो. कोणी कोणाला दोष देऊ नये. अंगातून वाफा येतात म्हणून काही जणी हार्मोनच्या गोळ्या घेतात. दोन संप्रेरकांच्या एकत्र गोळ्यांनी हा धोका वाढतो, असे अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात 2002 साली दिसले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

आता आपल्या जवळचे उदाहरण. महाड-पोलादपूरच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईच्या चाळीत किंवा झोपडपट्टीत असते. तिथल्याच झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, नुसत्या हाताने छाती तपासली. यंत्र नाही, सुई नाही. 2021 मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे ज्या वयात आपण "आता काय होतंय" म्हणतो, त्याच वयात तपासणीने जीव वाचले.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण न दुखणारी गाठही दाखवलीच पाहिजे. स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्त आले, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा काखेत गाठ आली, तर थांबू नये. तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात आहे. आशाताईंना विचारावे. पुरुष डॉक्टरांची लाज वाटली तर बाई डॉक्टर किंवा नर्सबाई मागाव्यात.

गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ती संप्रेरकावर वाढणारी आहे असे दिसले, तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची रोज एक गोळी देतात. लेट्रोझोल चरबीत इस्ट्रोजेन बनणेच रोखते. पाच वर्षे, कधी त्याहून जास्त, ती घ्यावी लागते. बरे वाटले, गावी आलो, म्हणून मध्येच सोडू नये.

आत्या आता रोज रात्री जेवल्यावर गोळी घेते. विहारातल्या बायकांना स्वतःच सांगते, "मी दोन वर्षं लपवलं. तुम्ही दोन दिवस पण लपवू नका."

भगिनींनो, हा मजकूर घरातल्या आईला, सासूला, आत्याला वाचून दाखवा.