‘कोणाबरोबर?’

मांजर्लीतल्या आमच्या घरात मी सॅक भरायला घेतली की आईचा पहिला प्रश्न हाच. ‘एकटीच’ म्हटलं की चहा गार होईपर्यंत लेक्चर!

पहिल्यांदा हंपीला निघाले तेव्हा मीही आतून टरकलेलेच होते, बरं का. लोकलने बदलापूर ते कल्याण, पुढे स्लीपर. कल्याणच्या फलाटावर आठवलं, इथेच वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, १८ व्या वर्षी, नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, डॉक्टर व्हायला. मला तर होस्पेटलाच जायचं होतं!

फंडे साधे आहेत, मैत्रिणींनो. वरचा बर्थ घ्या, रेल्वेचा १३९ नंबर सेव्ह करा, नव्या गावात दिवसाउजेडी पोचा. पैसे जेवणात, बसभाड्यात वाचवा, खोलीत नको.

हंपीत एका लॉजवर दाखवलेल्या खोलीची कडीच धड लागेना. पूर्वीची मी ‘असू दे, एका रात्रीचा तर प्रश्न’ म्हणाले असते. त्या दिवशी ‘नको’ म्हटलं आणि सॅक उचलून बाहेर पडले. प्रवासाने मला बदललं म्हणजे एवढंच. आता ऑफिसातही हा शब्द जमतो.

परवा पुन्हा सॅक काढली. आईने विचारलं, “कुठे?”