घरातलं मत कुणाचं?



एस्टोनियात २००५ पासून घरबसल्या इंटरनेटवरून मत देता येतं. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं अशीच पडली. तान्हं मूल सोडून केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या बाईची मोठीच सोय! पण केंद्रातल्या आडोशात नवरा डोकावत नाही. घरात तो शेजारीच बसलेला असतो. यावर तिथे तोड आहे. मत पुन्हा देता येतं, शेवटचंच धरतात. मात्र ओळखपत्र आणि पिन नवऱ्याच्याही हाती असेल, तर शेवटचं मत तोच देईल.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या मतदानयंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, कारण सामान्य नागरिकाला मोजणी पडताळता येत नव्हती. निकाल मोलाचाच. पण उंबरठ्याआतली जबरदस्ती कुठल्या पडताळणीत दिसणार?

एस्टोनियात मतदानाच्या दिवशी केंद्रावर कागदी मत दिलं, की इंटरनेटवरचं रद्द होतं. ते केंद्र कितीही ओस पडलं तरी बंद होता कामा नये.