विश्लेषण : ऑटिझम, एडीएचडीच्या निदानानंतर मुलांना नर्सची गरज का भासते?

मुलाला एडीएचडी किंवा ऑटिझम (स्वमग्नता) आहे, हे एकदा डॉक्टरांनी सांगितले की निदानाची धावपळ संपते. खरी कसरत मात्र त्यानंतर सुरू होते. गोळी सुरू झाल्यावर मूल जेवेनासे झाले तर? रात्री झोपच येत नसेल तर? अशा प्रत्येक प्रश्नासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळत नाही. ब्रिटनमध्ये हे काम बऱ्याच ठिकाणी खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स सांभाळतात.

ही नर्स काय करते?

एडीएचडीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाने भूक कमी होऊ शकते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. त्यामुळे तिथल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १० वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर ३ महिन्यांनी, तर उंची दर ६ महिन्यांनी मोजावी लागते. नाडी आणि रक्तदाब डोस बदलताना दर वेळी आणि एरवी ६ महिन्यांनी. नर्स या नोंदी ठेवते, घरच्यांशी आणि शाळेशी बोलते. जादा प्रशिक्षण घेतलेली नर्स तर औषधही लिहून देऊ शकते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून मेथिलफेनिडेटसारखी नियंत्रित औषधेही त्यात आली.

ऑटिझममध्ये काम वेगळे असते, कारण त्याच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. पण दात दुखतोय, पोट साफ होत नाही, कान ठणकतोय हे अनेक मुलांना सांगता येत नाही. मूल डोके आपटू लागते आणि ‘ऑटिझममुळेच करतोय’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. अशा वेळी आधी दुखणे शोधणारे कुणीतरी लागते. रक्त तपासायचे असेल तर आदल्या दिवशी खोलीचे फोटो दाखवणे, दिवे मंद करणे, रांगेत ताटकळत न ठेवणे, या गोष्टी साध्या वाटतात, पण त्या न केल्याने तपासणीच राहून जाते.

तिथे तरी सगळे आलबेल आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये निदानासाठीच मोठी प्रतीक्षा यादी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एडीएचडीच्या औषधांचा इतका तुटवडा झाला की, टंचाई असलेली औषधे नव्या रुग्णांना सुरू करू नका, अशी सूचना सरकारला काढावी लागली. नर्स कितीही निष्णात असली, तरी दुकानात नसलेली गोळी ती आणणार कुठून?

महाराष्ट्रात काय स्थिती?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. फिरत्या पथकात डॉक्टरांसोबत एएनएम किंवा नर्सही असते. संशयित मुलाला पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचे मात्र स्वतंत्र नाव नाही.

म्हणजे मूल शोधण्याची व्यवस्था कागदावर तरी बऱ्यापैकी आहे. अडचण पुढची. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. गोळी सुरू असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे वजन मात्र दर तीन महिन्यांनी बघायचे असते.