मोजणी मृत्यूंची की अर्जांची?

करोनाच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करिता करिता जे स्वतः मृत्युमुखी पडले, त्यांची संख्या किती? सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत हा प्रश्न निघाला, तेव्हा सरकारपक्षाकडून उत्तर मिळाले की, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने असा तपशील केंद्राकडे ठेवला जात नाही. विम्याची मदत मागणाऱ्यांची माहिती तेवढी आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यांकडून आलेला आकडा सांगण्यात आला: डॉक्टर 162, परिचारिका 107, आशा कार्यकर्त्या 44. यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने तत्काळ हरकत घेतली. तिच्या हिशेबी एकट्या डॉक्टरांचीच संख्या सातशेंवर होती.

आम्ही वऱ्हाडातील व्यापारी बंधूंस विचारतो: वखारीस आग लागून शंभर गठाणी जळाल्या व विमा चाळिसांचाच होता, तर नुकसान चाळीस गठाणींचे झाले, असे कोणता अडत्या खतावणीत लिहील? मदतीस पात्र कोण, हा एक प्रश्न. मेले किती, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हे. मे 2021 पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेकडे जगभरातून असे 6,643 मृत्यू कळविले गेले होते. तिचा स्वतःचा अंदाज मात्र 80 हजार ते 1 लाख 80 हजार असा आहे.

गुरुकुंज मोझरीसारख्या गावी साथीशी पहिली गाठ पडते ती आशा कार्यकर्तीची. 2020 च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप पाहण्याचे काम आशांनी केले. पण त्या ‘स्वयंसेविका’. वेतनपटावर त्यांचे नाव नाही. खाजगी दवाखाना उघडा ठेवणाऱ्या डॉक्टराचे व सफाई कामगाराचेही तेच. जो पटावर नाही, तो मेल्यावर यादीत कसा यावा?

नुसता मृतांचा आकडाही पुरेसा नाही. कामावर किती होते, कोणत्या कामावर होते, हे त्याच्या शेजारी मांडल्यावाचून धोका कोणास अधिक होता हे कळत नाही. आणि ते न कळल्यास पुढील साथीत संरक्षणाची साधने प्रथम कोणास द्यावी, हेही कळणार नाही.

उपाय महागडा नाही. ग्रामपंचायतीकडे मृत्यू नोंदविताना मृताचा व्यवसाय विचारलाच जातो. तो रकाना काळजीपूर्वक भरावा आणि साथीच्या वर्षांतील नोंदी तपासून गाववार यादी प्रसिद्ध करावी. ज्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजविल्या, त्यांची निदान मोजदाद तरी खरी असावी, एवढेच आमचे मागणे आहे.