'अल्फा' लांडगा खोटा निघाला, पण आपल्या माळावरच्या लांडग्याचं काय?

इन्स्टाग्रामवर 'अल्फा मेल' असं टाईप करून बघा. बर्फात उभा असलेला करडा लांडगा, मागे जड संगीत आणि खाली एखादा डायलॉग: कळपावर राज्य करतो तोच खरा मर्द. मराठीतही अशा रील्सचा सुकाळ आहे.

गंमत अशी, की 'अल्फा लांडगा' ही कल्पना ज्या शास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे घराघरात पोचली, त्यानेच ती चुकीची असल्याचं सांगून आता पंचवीसेक वर्षं झाली. आपलं ते पुस्तक छापणं थांबवा, म्हणून तो प्रकाशकाच्याही मागे लागला होता.

पण वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं रिठद घ्या, किंवा दख्खनच्या पठारावरचं असंच कुठलंही गाव घ्या. सोयाबीन-तुरीच्या शेतांच्या कडेला ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी चराईचा माळ असतो. तिथे बकऱ्या घेऊन जाणाऱ्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. लांडगा माणसावर येतो का? बकरी नेली तर भरपाई मिळते का? त्याला मारलं तर काय होतं?

या प्रश्नांची उत्तरं अभ्यासकांनी शोधली आहेत. फक्त ती रील्समध्ये सापडत नाहीत.

'अल्फा' आला कुठून?

रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातले लांडगे वर्चस्वासाठी भांडतात आणि एक जोडी सगळ्यांच्या वर राहते, असं त्यात मांडलं होतं.

पुढे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये 'द वुल्फ' हे पुस्तक लिहिलं. लांडग्याबद्दल तोवर जे काही माहीत होतं ते त्यांनी एका जागी आणलं आणि त्यात शेंकेल यांची मांडणीही आली. पुस्तक प्रचंड खपलं आणि त्याबरोबर 'अल्फा' हा शब्दही जगभर गेला.

अडचण एकच होती. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे जंगलातल्या कुटुंबासारखे वागत नाहीत. 'बिग बॉस'चं घर बघून मराठी कुटुंबात लोक कसे राहतात हे ठरवावं, तसाच हा प्रकार झाला.

मेक यांना हे प्रत्यक्ष दिसलं ते कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीर बेटावर. १९८६ पासून अनेक उन्हाळे त्यांनी तिथे रानातल्या लांडग्यांसोबत काढले. तिथला कळप म्हणजे साधंसरळ कुटुंब निघालं: आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिल्लं. आई-बाप पुढे असतात, कारण ते आई-बाप असतात. पिल्लं मोठी झाली की जोडीदार शोधायला घर सोडतात. गादीसाठी रोजची मारामारी तिथे नव्हती.

१९९९ मध्ये मेक यांनी शोधनिबंध लिहून 'अल्फा' हा शब्द सोडून द्यावा असं सुचवलं. २००३ मध्ये त्यांनी लुइजी बोइतानी यांच्यासोबत लांडग्याचं वर्तन, परिसंस्था आणि संवर्धन यांवर मोठा ग्रंथ संपादित केला. आजही अभ्यासक आधी हाच ग्रंथ उघडतात. त्याच्या ४४८ पानांपैकी जेमतेम ६ पानांवर 'अल्फा' हा शब्द येतो. जुन्या पुस्तकाची छपाई अखेर २०२२ मध्ये थांबली.

स्वतःचंच गाजलेलं पुस्तक मागे घ्यायला लावणारा लेखक विरळाच. पण विज्ञान असंच पुढे जातं. रील मात्र तिथेच अडकून पडली.

पुस्तकं वाचून खरंच काही बदलतं का?

बदलतं. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या अलास्कात एक वाद पेटला होता. लांडगे रानमेंढ्या संपवत आहेत, त्यांना मारून टाका, अशी मागणी होती. सरकारने अॅडॉल्फ म्यूरी यांना तपासायला पाठवलं. त्यांनी लांडग्यांची विष्ठा तपासली, मेलेल्या मेंढ्यांच्या कवट्या गोळा केल्या आणि त्यांचं वय काढलं. लांडग्यांच्या तावडीत जास्त करून म्हातारी, आजारी आणि अगदी कोवळी जनावरं सापडतात, असं त्यातून दिसलं. १९४४ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक लांडग्यांवरच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया मानलं जातं.

भारतात त्याआधी वेगळाच हिशेब मांडला गेला होता. इंग्रजांच्या काळात लांडगा मारून आणला की बक्षीस मिळायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत देशात सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. याच काळात मारलेल्या वाघांचा त्यांचा आकडा आहे ८० हजारांहून अधिक. वाघाच्या शिकारीच्या कथा झाल्या, लांडगा नुसताच संपत गेला.

आपला लांडगा वेगळा कसा?

रीलमधला बर्फातला लांडगा ४०-५० किलोंचा असतो. आपल्याकडचा साधारण २० किलोंच्या आसपास भरतो. अंगावर केस कमी, रंग मातकट, पाय लांब. उन्हात आणि उघड्या माळावर जगायला तो घडला आहे.

फरक नुसता दिसण्यातला नाही. २०२१ मध्ये लॉरेन हेनेली, बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या वंशांमध्ये भारतीय लांडग्याचा वंश सर्वांत जुन्या वंशांपैकी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. असा हा प्राणी देशात उरला आहे सुमारे ३ हजार. आपल्याकडे वाघही साधारण तेवढेच आहेत. वाघासाठी १९७३ पासून देशव्यापी प्रकल्प आहे, लांडग्यासाठी तसा प्रकल्प नाही.

ओळखण्यातही गोंधळ होतो. 'गावात लांडगा शिरला' असं सांगणाऱ्या व्हिडिओत कित्येकदा तरस किंवा कोल्हा असतो. सोपी खूण लक्षात ठेवा. तरसाच्या अंगावर पट्टे असतात आणि पाठ मागे उतरती असते. कोल्हा लहान चणीचा असतो. लांडगा लांब पायांच्या, सडपातळ गावठी कुत्र्यासारखा दिसतो.

सोलापूरच्या माळावर काय सापडलं?

महाराष्ट्रातल्या लांडग्याबद्दल आपल्याला जे नीट माहीत आहे, त्यातलं बरंचसं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्य परिसरातून आलं. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या लांडग्यांवर निबंध प्रसिद्ध केला. लांडगे पाळीव जनावरं किती नेतात, यावर त्यांचा वेगळा अभ्यास २००० मध्ये आला. पुढे बिलाल हबीब यांनी याच भागात पीएचडीचं काम केलं. लांडगीण पिल्लांची जागा कधी आणि का बदलते, यावर त्यांचा आणि कुमार यांचा निबंध २००७ चा आहे.

या सगळ्यातून एक चित्र उभं राहतं. हा लांडगा दाट जंगलातला नाही. तो माळ, ओढ्याची कड, पडीक रान आणि कोरडवाहू शेत यांत राहतो. काळवीट, ससे, उंदीर खातो आणि शेळ्या-मेंढ्याही नेतो.

इरावती माजगावकर, अबी तमीम वनक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातला मोठा अभ्यास मांडला. शेती आणि वस्ती असलेल्या या भूभागाच्या निम्म्याहून जास्त जागेत लांडग्यांचा वावर असल्याचं त्यात दिसलं. थोडक्यात, लांडगा अभयारण्यात मावत नाही. तो गावाच्या शिवारातच राहतो.

वाशिम जिल्ह्यात कारंजा सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका कळपालाही फिरायला याहून कितीतरी जास्त जागा लागते. उरलेली जागा शेतकऱ्याच्या बांधावर आणि ई-क्लासवरच असणार.

बकरी गेली तर?

इथे खरा प्रश्न येतो. लांडगा जगावा असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या घरी ५-६ बकऱ्या आहेत, त्याची एक गेली तरी मुलांच्या फीचे पैसे गेले.

वन्यप्राण्यांनी मारलेल्या पाळीव जनावरांसाठी राज्य सरकार भरपाई देतं आणि त्यात लांडगाही येतो. २०२२ मध्ये वाढवलेल्या दरांनुसार शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैल यांसाठी ही मर्यादा ७० हजार आहे. त्यासाठी ४८ तासांच्या आत वन कर्मचाऱ्यांना कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं.

मेख इथेच आहे. लांडगा बकरी पाडतो तशी उचलूनही नेतो. मग पंचनामा कशाचा करायचा? शिवाय फिरत्या मेंढपाळाला कागद आणि चकरा परवडत नाहीत. संवर्धनाचं यश भरपाई किती लवकर आणि किती सहज मिळते यावर ठरतं. ती मिळाली नाही, तर मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा मोह होतो. त्या विषाने लांडगा मरतो, तसं गावातलं कुत्रंही मरतं.

कायदा मात्र कडक आहे. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्यास ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

नुकसान टाळण्याची जुनी रीत आजही चालते. रात्री कळपाभोवती वाघूर म्हणजे जाळी, दाराला मजबूत कडी, राखणीला कुत्रं आणि अंधार पडायच्या आत कळप घरी.

माणसावर हल्ला करतो का?

सहसा नाही. पण 'कधीच नाही' असं म्हणणंही खोटं ठरेल.

१९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात सत्तरहून जास्त मुलांवर हल्ले झाले. यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश शर्मा यांनी त्याचा अभ्यास केला. २०२४ मध्ये त्याच राज्यातल्या बहराइच जिल्ह्यात हल्ले झाले आणि त्यात मुलांचे जीव गेले. नैसर्गिक शिकार जवळपास संपलेली, अतिशय गरिबी आणि उघड्यावर किंवा लक्षाविना असलेली लहान मुलं, अशा ठिकाणी धोका वाढतो.

दुसरं कारण रेबीज. पिसाळलेला लांडगा भीती विसरतो आणि समोर येईल त्याला चावतो. चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. लशीबरोबर जखमेत द्यायचं रेबीजविरोधी इंजेक्शनही अशा वेळी लागतं. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नका.

मग खरा धोका कुणापासून?

सरकारी नोंदींत माळरान बऱ्याचदा 'पडीक' ठरतं. पडीक म्हटलं की तिथे कारखाना, सोलर पार्क, खाण किंवा रोपवन, काहीही करायला मोकळीक. एम. डी. मधुसूदन आणि वनक यांनी २०२२ मध्ये देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक भूभागाचा नकाशा मांडला. तो देशाच्या सुमारे १० टक्के भरतो आणि त्यातला ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. माळ गेला की लांडग्याचं घर जातं आणि बकऱ्यांची चराईही जाते. या एका गोष्टीत लांडगा आणि मेंढपाळ एकाच बाजूला आहेत.

दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. त्यांच्याकडून लांडग्यांत रोग पसरतात आणि संकरही होतो. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याशी संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून भारतात पहिल्यांदा सिद्ध झालं. आधी संशय आला तो सामान्य नागरिकांना दिसलेल्या वेगळ्याच रंगाच्या प्राण्यामुळे. त्यांच्या फोटोंवरून संशोधक कामाला लागले.

हाच धडा रिठदमधल्या किंवा कुठल्याही गावातल्या मोबाइलधारकाला लागू होतो. माळावर लांडगा दिसला तर पाठलाग करू नका, मोटारसायकल मागे लावू नका. लांबून फोटो काढा, वेळ आणि तारीख टिपून वन विभागाला कळवा. पिल्लं दिसली तर ती जागा सोशल मीडियावर टाकू नका. बघ्यांची गर्दी झाली की लांडगीण पिल्लं हलवते आणि त्यात ती दगावू शकतात.

लांडग्यावरचं जवळजवळ सगळं गंभीर लेखन इंग्रजीत आहे. त्यातलं बरंच महाराष्ट्राच्या मातीत, इथल्या मेंढपाळांना विचारून, इथल्या माळावर पायपीट करून लिहिलं गेलं. ते मराठीत गावापर्यंत आलं, तर भरपाईचा अर्ज वेळेत जाईल, विषाची पुडी कमी उघडली जाईल आणि ई-क्लासवर काही उभं राहताना ग्रामसभेत कुणीतरी प्रश्न विचारेल. तोवर लोकांना लांडगा कळणार तो बर्फातल्या रीलमधूनच, आणि तो लांडगा इथला नाही.