पाच रुपयांचा पुडा

मुलांचा लठ्ठपणा म्हटले की मुंबई-पुण्यातली महागडी शाळा, पिझ्झा आणि दारात थांबणारी बस डोळ्यांपुढे येते. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यात हा विषय काढला तर ऐकणारे हसतील. येथे अजून कमी वजनाच्या मुलांच्याच याद्या निघतात. पावसाने दगा दिला की उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी घरे या पट्ट्यात आहेत. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर हाही जिल्हा होता. अशा मुलखात जाडीची चर्चा म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असा सरकारी यंत्रणेचाही समज दिसतो. तो चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांतले महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर गेले, म्हणजे उपासमारीचा जुना हिशेब मिटला नाही. त्याच काळात जादा वजनाची मुले १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर पोहोचली. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने सांगितले की, ५ ते १९ वयोगटात जगभरात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाले. दक्षिण आशिया अजून याला अपवाद आहे. पण आपल्याकडे एक दुखणे जाऊन दुसरे आलेले नाही. दोन्ही एकाच घरात, कधी कधी एकाच शरीरात नांदतात.

एकाच शरीरात कसे, हे महाराष्ट्रातल्याच एका संशोधनाने जगाला दाखवले. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोच्या आसपास. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, आतून चरबीदार. पुढे याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःलाच मोजले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या दोन आकड्यांनी वजनकाट्यावरच्या आपल्या विश्वासाची पुरती फजिती केली.

आईच्या पोटातच जो उणा राहिला, त्याच्या हाती पुढे साखर, मैदा आणि तेल पडले की पोटाचा घेर वाढतो आणि मधुमेह लवकर गाठतो. आता ही आई कोण? महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी सांगते. वाढीचे वय संपायच्या आत ती बाळंत होते आणि दिवस भरेपर्यंत शेतात राबते. तिच्या मुलाच्या जाडीचे खापर तिच्या लाडावर फोडणे सोपे आहे, खरे मात्र नाही.

ताटाचेही तसेच. मराठवाड्यात ज्वारीचे रान घटले आणि सोयाबीन पसरले. सोयाबीन घरच्या ताटात येत नाही. ते आडतीला जाते आणि तेल होऊन पिशवीतून परत येते. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. तो फुकट मिळतो हे उत्तमच, त्यावर घरे तगली आहेत. पण भाकरीबरोबर ताटात येणारी डाळ, भाजी, शेंगदाणा त्याने भरून निघत नाही. मायबाप सकाळीच कामाला जातात. रडणाऱ्या लेकराच्या हातावर पाच रुपये टेकवले की दुकानातून वेफर्सचा किंवा नळ्यांचा पुडा येतो. दूध, अंडे, केळे या भावात तितक्या सहज मिळत नाही आणि पुडा नासतही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, नमकीन, चॉकलेट यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. करकपातीचे स्वागत करताना या पाच रुपयांच्या बाजारपेठेकडे कुणी वळून पाहिले नाही. साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवर मात्र ४० टक्के लावले, म्हणजे कर हे हत्यार आहे हे सरकारला ठाऊक आहे.

अंड्याचा किस्सा तर आणखी बोलका. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून, हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. लोहाऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेने लोकसहभाग मागायचा कुणाकडे, ऊसतोड मजुराकडे? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकू नयेत हा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच केला आहे. खेड्यात शाळेशेजारची टपरी हटवायला कुणी यावे अशी आमची मागणी नाही; त्या टपरीवाल्यालाही पोट आहे. पण तिथे उकडलेले अंडे, फुटाणे, चिक्की विकायला त्याला बचत गटाच्या कर्जातून हात देता येईल.

खेळाबाबत तर या जिल्ह्याने बाहेरून धडा घ्यायचीही गरज नाही. भारतीय खो-खो संघाची कर्णधार राहिलेली, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच जिल्ह्याची. जवळपास दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर काढल्याचे तिने स्वतः सांगितले आहे. खो-खोला लागते काय? दोन खांब आणि २७ बाय १६ मीटरची सपाट जागा. तरी मोठी झालेली मुलगी मैदानातून घरी बोलावली जाते, मुलगा शिकवणीला किंवा मोबाइलला लागतो आणि खेळाच्या तासाला गणित शिकवले जाते.

अंगणवाडीत मुलाचे वजन महिन्याला होते. पहिलीत गेल्यावर तीच नजर वर्षातून एखाद्या तपासणीवर येते. लोहारा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत उंची आणि वजनाबरोबर कमरेचा घेर वर्षातून दोनदा मोजला जावा. मुलगी शाळेत असतानाच तिचे हिमोग्लोबिन पाहिले जावे, लग्न होऊन गरोदर झाल्यावर नव्हे. अंड्याचा निधी राज्याने पूर्ववत करावा. तोवर जिल्हा नियोजन समितीने तो आपल्या पैशातून द्यावा आणि पुढच्या बैठकीत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांत काय शिजते, याचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांनी मांडावा.